हिवाळाभर टिकलेले दाणे

ग्रोनिंगन
१६ मार्च २०२५

ती. आईंना ज्ञानदाचा सा. नमस्कार.

इकडे आम्ही मजेत. तुमचे गुडघे आता बरे असतील. तुमची नात श्रुती तुमच्याशी मराठीत बोलायचं ठरवून फोनजवळ बसते आणि उत्तर डचमध्ये देते, राग मानू नका. पत्र लिहितेय, कारण फोनचा स्पीकर चालू असला की बाबा मध्येच हवामान विचारतात.

मी लॅबमध्ये नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलं होतंत. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे असतात, त्यांना आम्ही एक लेप देतो. त्यांच्यातून हवा सोडली की हवेतला कार्बन डायऑक्साइड दाण्यांना चिकटतो. दाणे तापवले की तो सुटतो आणि साठवता येतो. दाणे पुन्हा वापरायचे. पण इथल्या दमट हवेत, वरचेवर तापून ते पिवळे पडायचे आणि निकामी व्हायचे. मी बनवलेला लेप लॅबच्या गच्चीवर, एका पेटीत, सबंध हिवाळा टिकला. पेटी उघडली तेव्हा आमचे प्रमुख, यान, दाणे तळहातावर घेऊन खिडकीपाशी गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "आता तू कायमची इथली." म्हणजे नोकरी पक्की झाली, आई. या देशात आले तेव्हा माझ्या परमिटवर 'पतीसोबत वास्तव्य' एवढंच होतं.

शुक्रवारी प्रतीक आला, तेव्हा त्याने शिरा केला.

'आला' असं लिहून गेले. आता सांगतेच. जानेवारीपासून त्याचं ऑफिस इथून तीन तासांवर, टिलबर्गला हललंय, तिथे त्याने खोली घेतलीय. आमचं भांडण झालेलं नाही. मी तर सामान बांधायला काढलं होतं. तो म्हणाला, "तुझे दाणे अजून गच्चीवर आहेत ना? मग तू थांब. मी येत-जात राहीन." तुम्हाला त्याने सांगायचं ठरलं होतं, पण त्याचा धीर होईना.

सोमवारी घर ओकंबोकं वाटतं, हे खरं. पण मी सुखात आहे. तोही आहे.

एकदा मटार सोलताना तुम्ही म्हणाला होतात, की मुख्याध्यापिकेची ऑर्डर हातात आली आणि त्याच महिन्यात बाबांची अकोल्याला बदली झाली. पुढे तुम्ही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं. मे महिन्यात या. बाबांना प्रतीककडे राहू द्या थोडे दिवस, तुम्ही माझ्याकडे राहा. निवांत सांगा.

तुमची, इथे थांबलेली सून,
ज्ञानदा