दोन हिरवे दिवे

तंजावूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. कीर्तनाला अप्पाचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत.

माझा फोन बिघडलेला नाही. घंटी वाजते. मला फोनवर बोलायला आवडत नाही, एवढंच. आजोबांनी तुला शिकवलेली मराठी अक्षरं आहेत, सावकाश वाच.

आई बरी. गुडघा दुखतो म्हणते आणि दोनदा देवळात जाऊन येते. मैकसेटचं, लग्नांत भोंगे लावायचं काम चालू आहे. परवा ओरत्तनाडूला लग्न वाजवलं. आठ भोंगे. वायरी आता कामावरचा पोरगा रमण ओढतो.

तुझ्या बँडची दहा गाणी आईच्या फोनवर आली. दुकानात अँप्लिफायरला लावली. नऊ गाणी म्हणजे भाताच्या गिरणीत गिटार टाकलेलं. ड्रम मात्र नीट घेतलाय. खोटं कशाला बोलू.

दहावं लावलं आणि स्पीकरची पेटी बंद पडली. वायर काढली, खरवडली, परत जोडली. काही नाही. आवाज पार शेवटाला नेला. तेवढ्यात समोरचा शेषगिरी वेष्टी सावरत धावत आला, कानांवर हात. तोंड हलत होतं. मागे बघतो तर तुझी आई दारात, तोंडाला पदर.

पेटी चालूच होती.

गाण्याचा मूळ जोर दाखवणाऱ्या अँप्लिफायरच्या दिव्यांत नऊ गाण्यांना वरचा लाल पेटत होता. आता खालचे दोन हिरवेच. पेटायचे, विझायचे. पेटीवर हात ठेवून संपेपर्यंत बघत बसलो.

मग आईला विचारलं, काय गायली? आईला आता माझ्याशी ओरडून बोलावं लागतं, गल्ली सगळं ऐकते.

"आपल्या घरच्या मराठीत आहे. लग्न आटपल्यावर अप्पा वायरी गुंडाळतात आणि एक हळू गाणं लावतात, त्याचं."

"पुढं?"

"पुढचं, ज्यानं गोंगाट म्हणून पोरीला घराबाहेर काढलं, त्यानं तिलाच विचारावं!"

दोन वर्षं हेच म्हणते.

ते गाणं का लावायचं, तू लहान असताना सांगितलेलं. मांडवातल्या लोकांना एकदम बाहेर ढकलायचं नाही. निघालेला माणूस चप्पल शोधता शोधता तेवढं एक गाणं थांबतो. तू नऊ धडाक्यांनंतर तेच केलंस. बरं केलंस.

डॉक्टर म्हणतो डावा कान गेला. उजव्यात थोडं आहे, पावसाळ्यापर्यंत टिकेल की नाही सांगत नाही. मशीन घालून पाहिलं, गाणं नुसतं करकरतं. जवळ बसून कोणी म्हटलं तर अजून ऐकू येतं.

तेव्हा ये. गिटार आणायचं तर आण. उजव्या बाजूला बस आणि ते म्हण.

त्या दिवशी मी काय बोललो, त्याचं मला काय वाटतं, ते मी लिहिणार नाही. आलीस तरी सांगणार नाही.

अप्पा