आठ फुटांचा बोळ

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार. संध्याकाळी सहा

तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, वेताच्या खुर्चीत बसून लिहीत आहे. येत्या शनिवारी बायकोला, कामाक्षीला, जाऊन सात महिने होतील.

रोजनिशी मराठीत लिहायचे ठरवले. इथे तंजावुरात वडिलांनी छडी घेऊन देवनागरी शिकवली, तिचा हा पहिलाच उपयोग. मुलगी विनुता चेन्नईला असते. ती मराठी बोलते, वाचता येत नाही. सीतालक्ष्मीला फक्त तमिळ वाचता येते. त्यामुळे खरे तेच लिहायला हरकत नाही.

निर्णय. कामाक्षीचा केटरिंगचा धंदा बंद पडू द्यायचा नाही. लोक म्हणतात धंदा तिचा होता. स्वयंपाक ती करायची हे मान्य, पण बिले माझ्या अक्षरात जायची. शिवाय सीतालक्ष्मी एकोणीस वर्षे तिच्या हाताखाली होती, ती आहेच. कमी आहे ती गाडीची. पोळ्यांचे डबे आणि सांबाराची पातेली दर वेळी भाड्याच्या ऑटोतून जातात. तय महिन्यात, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून, मुहूर्त सुरू होतात. पोंगलच्या आत स्वतःची गाडी.

किती खर्च करायचा? अडीच लाख. हा आकडा कामाक्षीचा. तेवढे तिने वेगळे साठवून ठेवले होते. अडीचच्या वर जायचे नाही, असे दोनदा म्हणाली होती. तिची इच्छा तीच मर्यादा. ठरले.

९ ऑक्टोबर

अडीच लाखांत काय मिळते ते पाहिले. तीनचाकी लोड ऑटो. शोरूममधला नवा, तिने स्वतः पाहून ठेवलेला.

सर्व्हे खात्यात एकतीस वर्षे काढून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेल्या माणसाने लोड ऑटोतून उतरायचे? कामाक्षीला बाजारभाव ठाऊक नव्हते. आजच्या भावाने तिचे अडीच म्हणजे साडेतीन. तिच्या आकड्यात मी काही बदल केलेला नाही.

१३ ऑक्टोबर. सकाळी

सीतालक्ष्मी आली. मामा, मामीने बघितलेला ऑटो घ्या आणि मोकळे व्हा, म्हणाली. तयमध्ये तीन ऑर्डरी तिच्या हातात आहेत. त्या नीट गेल्या तर मामीची गिऱ्हाइके टिकतील, नाहीतर मंडपवाले दुसरे माणूस बघतील.

मी सांगितले की मृत्यूला वर्ष व्हायच्या आत घरात नवे वाहन आणता येत नाही. मग मार्चपर्यंत थांबू, तयमध्ये भाड्याने भागवू, म्हणाली. मी सांगितले की जुने वाहन आणता येते, आणि जुने घ्यायचे तर मोठे का नको? गाडी कामाला हवी की मिरवायला, असे विचारले तिने. मी मुळात कमी बोलतो.

१४ ऑक्टोबर

खात्री असावी म्हणून वाध्यारांना फोन केला. आमच्या घरचे सगळे विधी तेच करतात. नवे नको, पण सेकंडहँड म्हणजे नवे नव्हे ना, असे विचारले. ते म्हणाले, राव, तुम्ही ठरवून मग फोन केलाय.

म्हणजे संमती.

२० ऑक्टोबर

कामाक्षीचे फडताळ आवरले. मिरच्यांच्या डब्यात एक सुती दोरी सापडली, दोन गाठी मारलेली. मिरच्यांत दोरी कशाला? ती असल्या वस्तू जपून ठेवायची. पेपरच्या रद्दीचा गठ्ठा त्या दोरीने बांधला आणि तिण्णैवर ठेवला. उपयोग झाला.

जेवण हॉटेलातून. सांबारात गूळ घालतात हे लोक.

३ नोव्हेंबर, रविवार

विनुताचा फोन. अप्पा, मोठी गाडी बोळात येईल का, असे विचारत होती. तिला सर्व्हेच्या नकाशाचा फोटो पाठवला. बोळाची रुंदी आठ फूट. नकाशावर माझ्याच खात्याचा शिक्का आहे.

म्हणाली, अप्पा, तिण्णैचे काय? तिण्णै मी २००९ साली तीन फूट पुढे घेतली, खुर्ची मावावी म्हणून. नकाशात तिची नोंद नाही. ज्याची नोंद नाही तो अडथळा धरत नाहीत. एकतीस वर्षे लोकांना मी हेच समजावले.

मग तिने अँब्युलन्सचा विषय काढला. मी सांगितले, सिग्नल जातोय.

आता विषय निघालाच आहे तर नोंद करून ठेवतो. १२ मार्चला सकाळी कामाक्षीच्या छातीत दुखू लागले. अँब्युलन्स बोळाच्या तोंडाशी थांबली. आत येत नाही, असे ड्रायव्हर म्हणाला. कामाक्षीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेले. मध्ये खुर्चीचा पाय मोडला, दुसरी आणावी लागली. अकरा मिनिटे. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटे आधी आणले असते तर.

आठ फुटांच्या बोळात गाडी येत नाही म्हणणे हा आळस. चौदाव्या दिवशी लेखी तक्रार दिली, नकाशाची प्रत जोडून. ड्रायव्हरची बदली दूर कुठेतरी झाल्याचे कळले. त्याची मुले इथे शाळेत आहेत म्हणे. असो. तक्रार मुद्देसूद असली की काम होते.

१७ नोव्हेंबर

जुन्या गाड्यांचा दलाल सतीशकुमार भेटला. माणूस जाणता. पहिल्या मिनिटात ओळखले त्याने, म्हणाला, सार ऑफिसर होते वाटते. हेडक्लार्क, असे मी स्पष्ट सांगितले. एकच, म्हणाला.

साडेतीनात त्याने दाखवली ती व्हॅन पाहवेना. पाचाची जरा बरी.

१ डिसेंबर

पाचाची नको. सहा लाख वीस हजारांची पाहिली. पांढरी, बंद बॉडीची, मागे दोन दारे. पाच वर्षे जुनी, म्हणजे शास्त्रालाही धरून. स्वतः टेप लावली. रुंदी सहा फूट दोन इंच. आठातून सहा-दोन गेले तर एक फूट दहा इंच उरतात. ऐसपैस.

सतीशकुमार म्हणाला, सार, अँब्युलन्सला हीच बॉडी वापरतात, पेशंट हलत नाही तर तुमचे सांबार काय हलणार.

एफडी मोडायची. कामाक्षी असती तर आधी नको म्हणाली असती, मग हो म्हणाली असती. मधला वेळ वाचवतो आहे.

१९ डिसेंबर

पैसे दिले. सीतालक्ष्मीला आकडा कळला तेव्हा ती पातेले घासत होती. घासायची थांबली. मग पुन्हा घासू लागली, तेच पातेले, बराच वेळ.

८ जानेवारी २०२५

व्हॅनवर कामाक्षीचे नाव रंगवून घेतले, देवनागरीत. पेंटरला कागदावर लिहून दिले, त्याने चित्र काढावे तसे काढले. सतीशकुमार म्हणाला, लोकांना वाटेल सेठजींची मिठाई आली. वाटू दे. तंजावुरात हे नाव वाचू शकणारी माणसे थोडीच, आणि त्यांच्यातली एक गेली.

१२ जानेवारी. सकाळी अकरा

व्हॅन आली.

ड्रायव्हरने बोळाच्या तोंडाशी थांबवली. उतरला, चालत आमच्या दारापर्यंत आला, तिण्णैकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. सार, इथे पाचच फूट आहेत, म्हणाला. मी नकाशा आणून दाखवला. त्याने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, मग मी नकाशात चालवतो, सार, तुम्ही तिथे चढा.

आजकालच्या ड्रायव्हरांना ट्रेनिंग नाही. तात्पुरती व्हॅन रस्त्यावर उभी. दुसरा ड्रायव्हर शोधायचा.

१९ जानेवारी, रविवार

पहिली ऑर्डर. मुंज, एकशेवीस पाने.

स्वयंपाकघरापासून व्हॅनपर्यंत एकशेचार पावले. मी मोजली. सीतालक्ष्मी आणि दोन बायका पातेली हातांनी वाहत होत्या. मी पुढे उभा राहून वाट दाखवत होतो. रसमचे पातेले तिण्णैच्या कोपऱ्याला लागले आणि अर्धे रसम बोळात गेले. सीतालक्ष्मीच्या पायावर फोड आले.

मंडपात चाळीस मिनिटे उशीर. पंगत बसलेली, पाने मांडलेली, पानांवर फक्त मीठ. मुलाचे आजोबा म्हणाले, कामाक्षीबाई होत्या तेव्हा आम्ही घड्याळ बघत नव्हतो. हे कौतुकच समजायचे.

परतताना व्हॅनमध्ये काही हलले नाही. सतीशकुमार खरे बोलला होता.

२६ जानेवारी

दुसरी ऑर्डर. मला न विचारता सीतालक्ष्मीने स्टँडवरून लोड ऑटो आणला. तो बोळातून थेट दारापर्यंत आला. मला फक्त पाय वर घ्यावे लागले.

पातेली चढवून झाल्यावर तिचे लक्ष रद्दीच्या गठ्ठ्याकडे गेले. ही दोरी कुठे मिळाली, विचारले. मिरच्यांच्या डब्यात, म्हटले. ती तिण्णैच्या कडेवर बसली. इतक्या वर्षांत माझ्यासमोर बसण्याची ही तिची पहिली वेळ.

म्हणाली, मामा, मामीने या दोरीने बोळ मोजला होता. तुमच्या तिण्णैपासून समोरच्या भिंतीपर्यंत एक गाठ. मग आम्ही दोघी शोरूमला गेलो. मामीने तीच दोरी ऑटोला लावली आणि त्याच्या रुंदीवर दुसरी गाठ मारली. सेल्समन हसत होता, साडीला फॉल लावताय का, म्हणून. दोन गाठींत तीन बोटे उरली. मामी म्हणाली, पुरे.

म्हणाली, मी मामीला सांगितले होते, तिण्णै मागे घ्यायला सांगा की मामांना, मग मोठी गाडीही येईल. मामी म्हणाली, संध्याकाळी बसायची त्यांची तेवढी एकच जागा आहे, गाडीच लहान घेऊ. म्हणून अडीच लाख, मामा. कंजूषपणा नव्हता तो.

सुती दोरी ताणली जाते. अशा दोरीचे माप कोणत्याही खात्यात ग्राह्य धरत नाहीत.

२ फेब्रुवारी

तिसरी ऑर्डर कॅन्सल झाली, असे मला वाटत होते. ती सीतालक्ष्मीच्या घरून गेली. तिने कर्ज काढून लोड ऑटो घेतला आहे. शोरूममधला, तोच. तिच्या घरात कोणी गेलेले नाही, त्यामुळे तिला नवा चालतो.

मामा, रागावू नका, पण मामीची गिऱ्हाइके हातची जातील, असे म्हणून मोठी पातेली मागितली. दिली. ऑटोत चढवताना मी पाय वर घेतले.

११ फेब्रुवारी

सतीशकुमारला फोन केला, व्हॅन परत घेतो का म्हणून. तीन लाख दहा हजार, म्हणाला. सहा-वीसचे दोन महिन्यांत तीन-दहा कसे, विचारले. त्यावर म्हणाला, सार, नाव पुसायचा खर्च धरला की तेवढेच बसते.

विकायची नाही. हा आता खर्चाचा प्रश्न नाही, नकाशा खरा की खोटा हा प्रश्न आहे. बोळ आठ फुटांचा आहे, हे सिद्ध करायचे.

२७ फेब्रुवारी

गवंडी सांगितला. तिण्णैचे पुढचे तीन फूट काढायचे. किती मागे घेऊ, विचारत होता. २००९ च्या आधी होती तिथपर्यंत, म्हटले. तेव्हा मी नव्हतो सार, म्हणाला. खडूने रेघ मारून दिली.

१ मार्च. संध्याकाळी. घरातून

तिण्णै मागे गेली. टेप लावली. आठ फूट. वर अर्धा इंच. तीन ठिकाणी मोजले.

नकाशा अचूक होता. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

२ मार्च, रविवार

कामाक्षीचे वर्षश्राद्ध, तिथीप्रमाणे. विनुता कालच आली. स्वयंपाक सीतालक्ष्मीने येऊन केला, पैसे घेतले नाहीत. सांबारात गूळ नव्हता. वाध्यार जाताना म्हणाले, राव, वर्ष पुरे झाले, आता घरात नवे आणायला हरकत नाही.

चार वाजता त्याच ड्रायव्हरला बोलावले. सगळ्यांनी पाहावे अशी इच्छा होती. मी दारात घड्याळ घेऊन उभा राहिलो. रस्त्यापासून दारापर्यंत चाळीस सेकंद. कुठे घासली नाही, आरसे मिटावे लागले नाहीत. ड्रायव्हरने खाली उतरून मागची दोन्ही दारे उघडली. त्याला वाटले काही चढवायचे आहे.

पांढरी व्हॅन, दारात, दारे उघडी. आत बरीच जागा आहे. एक माणूस सहज आडवा मावेल.

विनुता बाहेर आली. पाहिले, आणि आत गेली. तिने आतून कडी लावली. सीतालक्ष्मी चपला घालत म्हणाली, मामा, ती दारे लावा.

लावली.

रात्री साडेआठ. विनुताने अजून कडी काढलेली नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून लिहीत आहे. उरलेल्या तिण्णैवर मावत नसल्यामुळे खुर्ची बोळातच ठेवावी लागते, आणि कोणी आले की उचलावी लागते.

दिलेली तक्रार मागे घ्यायला वेगळा फॉर्म असतो की साध्या कागदावर चालते, ते उद्या विचारायचे.