मॉड्युलर

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
खाडीकडच्या रस्त्यावर आज पुन्हा जपमाळ हातातून पडली. एका हातात फुलांची पिशवी, दुसऱ्यात पाण्याची बाटली, काखेत कुत्र्यांसाठी काठी. खिशात फोन, दोन चष्मे, बीपीच्या गोळ्या. जप करायचा कशाने? गेल्या दिवाळीपासून एकशे आठ काही पुरे झालेले नाहीत. त्रेसष्टच्या पुढे माळ सरकत नाही.
निश्चय: हात मोकळे करायचे. हात मोकळे तर मन मोकळं.

७ जानेवारी, मंगळवार
लेक क्षिप्रा हिने कॉलेजातून आल्यावर मोबाइलवर लष्करी जाकीट दाखवलं. बिनबाह्यांचं. पुढेमागे आडव्या पट्ट्या. त्यांत कप्पे हवे तिथे अडकवायचे, नको तेव्हा काढायचे. याला मॉड्युलर म्हणतात. सैन्याला नको झालेला माल म्हणून सरप्लस. किती विरक्त शब्द.
तुर्भ्याच्या कंपनीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळतोय. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नंबर. हे जाकीट माझ्यासाठीच शिवलेलं आहे. मध्ये सैन्य उगाच आलं.

८ जानेवारी, बुधवार
रंगाचा विचार. ठिपक्याठिपक्यांचं नको, सोसायटीचा वॉचमन सलाम ठोकील आणि माझा अहंकार वाढेल. खाकी नको, भाजीवाल्या टोपल्या उचलून पळतील. काळं उन्हात तापतं.
शेवाळी. नम्र रंग आहे.

९ जानेवारी, गुरुवार
दुकानदाराला फोन. चार कप्पे की बारा? बारा. गरज कमी करायची तर आधी जागा भरपूर हवी. त्याला स्पष्ट सांगितलं की मॉड्युलरच हवं, साधं चालणार नाही, संक्रांत झाली की लगेच घरी पोचलं पाहिजे.
वळलो तर बायको वैजयंती दारात. हाताला कणीक, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "अकरा वर्षांनी ऐकलंत माझं."
मला उलगडायला वेळ लागला. आमच्या घरात मॉड्युलर या शब्दाला एकच अर्थ आहे. ओट्याखालचा फुलाफुलांचा पडदा जाणार आणि तिथे सरकणारे ड्रॉवर येणार.
मी काही बोललो नाही. म्हणजे खोटंही बोललो नाही. जेवणात शिरा होता.
निश्चय: उद्या सांगणे.

१० जानेवारी, शुक्रवार. एकादशी
उपासाच्या दिवशी कुणाचं मन दुखवू नये. उद्या.

१२ जानेवारी, रविवार
वैजयंतीने तिच्या बहिणीला, गोजराला, साताऱ्याला फोन करून कळवलं. पाऊण तास. येत्या शनिवारी संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं आहे, विंगमधल्या वीस बायका येणार. किचन बघायला.
मी म्हणालो, इतक्यात होणार नाही कदाचित. ती म्हणाली, निदान खोकी तरी आलेली असतील ना, खोकी दाखवीन.
खोकं येणार आहे हे खरंच आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
आज गोड बोलायचा दिवस. खरं बोलायला वर्षभर आहे.
ओट्याच्या भिंतीवरची स्टीलची मांडणी वैजयंतीने आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या शकुबाईला देऊन टाकली. लग्नातली मांडणी. वैजयंती तिला गेटपर्यंत निरोप द्यायला गेली. आता सगळे डबे जमिनीवर. स्वयंपाकघरात आडवं पाऊल टाकून चालावं लागतं.
शकुबाई जाताना मला म्हणाली, "वहिनी किती खूश हायेत बघा, सायेब."

१६ जानेवारी, गुरुवार
पार्सल आलं. बाथरूममध्ये घालून पाहिलं. बारा कप्प्यांवर मार्करने नंबर टाकले. सातमध्ये माळ. वस्तू सात निघाल्या. पाच कप्पे रिकामे, हे वैराग्य.
वैजयंतीने बाहेरून विचारलं, माप घ्यायला माणूस कसा आला नाही. मी सांगितलं, माप मीच दिलंय. हे अक्षरशः खरं आहे. छाती बेचाळीस.

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी
वैजयंती उठायच्या आत जाकीट घालून बाहेर पडलो. खाडीच्या कठड्यावर नेहमीप्रमाणे नामा बसलेला. जुन्या गावातला, माझ्याच वयाचा, आता चार चाळींचा मालक. म्हणाला, "काय भाऊ, कोनाशी लराई हाय?"
मी म्हणालो, स्वतःशी. तो म्हणाला, मंग एवऱ्या खिशांत काय गोल्या हायेत? होत्या, पण बीपीच्या.
हात पूर्ण मोकळे. मात्र माळ कितव्या कप्प्यात ते चालताना दिसत नाही, पोट आड येतं. दोन्ही हात पूर्ण वेळ कप्प्यांत. जप शून्य. नवी शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो.
निश्चय: उद्या पाहुण्या येण्याआधी वैजयंतीला सांगणे. नक्की.

१८ जानेवारी, शनिवार. दुपारी ४.२०
सांगायचं बळ यावं म्हणून जाकीट चढवलं. दोन्ही बाजूंचे बकल टक्कन बसले.
काल उघडले होते, आज उघडत नाहीत. डावं दाबलं जात नाही. उजव्यापर्यंत हात जात नाही. डोक्यावरून काढायला गेलो तर कान आडवे आले. सैन्याने हे सरप्लस का केलं ते समजलं.
बेल वाजली.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.४५
नोंद ठेवली पाहिजे.
वैजयंतीने मला पाहिलं. विचारलं, "हेच का ते?" मी हो म्हणालो. "मॉड्युलर?" हो. तिने गॅस पेटवला, दूध ठेवलं. वीस बायकांची कॉफी, आणि वस्तू ठेवायला जागा नाही. तिने झारा माझ्या दोन नंबरात खोचला. मग चमचे. मग जायफळ, वेलची, लायटर. मी दोन तास ओट्याशेजारी उभा.
बायका किचन बघायला आत आल्या. वैजयंती इतक्या गोड आवाजात लग्नानंतर प्रथमच बोलली. "हे बघा आमचं मॉड्युलर. चालतंसुद्धा."
तिसऱ्या मजल्यावरच्या सोनलने विचारलं, "सॉफ्ट क्लोज आहे का वहिनी?"
"क्लोज आहे. उघडतच नाही."
सगळ्या गेल्यावर क्षिप्राने बाजूचे पट्टे कात्रीने कापले. वैजयंती मांडणीच्या रिकाम्या भिंतीला टेकून बसली होती. कुंकवाचं ताट मांडीवर. म्हणाली, "नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं. अकरा वर्षं चाललंच की."
मला वाटतं, ती फार रागावलेली नाही.

२१ जानेवारी, मंगळवार
ती फार रागावलेली आहे.
मांडणी परत मागता येत नाही. शकुबाईने तिच्यावर देव मांडले आहेत. जाकीट दोन खिळ्यांवर ओट्याच्या भिंतीला टांगलं आहे. एक मोहरी, दोन जिरं, तीन हळद. वैजयंती नंबरावरून न बघता काढते. माझी पद्धत निर्दोष आहे हे तिलाही पटलेलं दिसतं. माझ्याशी मात्र ती नंबरांपलीकडे बोलत नाही.
माळ शुक्रवारपासून सापडत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ८.००
माळ सापडली. सातमध्येच होती, हिंगाच्या पुडीखाली.
फिरायला गेलो नाही. आता बाहेर ओझं नेण्यात अर्थ वाटत नाही. स्वयंपाकघरातच पाट घेऊन बसलो. माळेला हिंगाचा वास येतो, पण मन लागलं. आज एकशे आठ होणार असं आतून वाटत होतं. त्रेसष्टला पोचलो तेव्हा वैजयंती कढईकडे बघत म्हणाली, "चार नंबर द्या."
हात मोकळे होते. उठून दिला.
पुन्हा एकपासून.