मुद्देमाल क्र. ३१ वरचे रक्त हे ऑइल नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
पोलीस ठाणे.

विषय : आपल्या ताब्यातील डिपस्टिकवर आढळलेला द्रव इंजिन ऑइल नसून फिर्यादीचे रक्त आहे, असा लेखी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या ठाण्याचा पंचनामा, मुद्देमाल क्र. ३१.
२) गाडी कंपनीच्या वॉरंटी विभागाचे दावा नामंजुरीचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी आपल्याच ठाण्याच्या गुन्ह्यातील आरोपी असून सध्या जामिनावर आहे. सर्व्हिस सेंटरच्या दोनशे मीटरच्या आत जाण्यास मला मनाई आहे व ती मी पाळतो, म्हणून हा अर्ज आपल्याकडे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने अक्षर डाव्या हाताचे आहे, सांभाळून घ्यावे.

१. मी व माझा धाकटा भाऊ इस्पितळाच्या चादरी धुऊन पोचवण्याचे काम करतो. त्यासाठी घेतलेली नवी व्हॅन तिसऱ्या महिन्यापासून ऑइल खाऊ लागली. मागून निळा धूर, आणि दर आठवड्याला डबा आणून ओतायचा. सर्व्हिस सेंटरला पाच खेपा घातल्या. तेथील अ‍ॅडव्हायझर, ज्यांना सगळे टायवाले म्हणतात व जे या गुन्ह्यात फिर्यादी आहेत, त्यांनी पाचही वेळा "नवीन गाडी आहे, थोडं ऑइल खाणारच" असे सांगून चहा पाजला. सहाव्या खेपेला मी चहा घेतला नाही, तेव्हा ते चाचणीला तयार झाले.

२. चाचणीची रीत अशी. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरायचे. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, आणि ऑइलचे झाकण तारेने बांधून त्यावर शिशाचे सील दाबायचे. गाडी हजार किलोमीटर चालवून परत आणायची, मग ते उघडून किती खाल्ले ते बघणार. मध्ये सील तुटले तर वॉरंटी संपली. म्हणजे गाडी ऑइल खाते अशी तक्रार करणाऱ्याने हजार किलोमीटर ऑइल बघायचेही नाही आणि घालायचेही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

३. सहाशे चाळीस किलोमीटरवर लाल दिवा पेटला. मी फोन केला. टायवाले म्हणाले, "पेटू दे हो दिवा. सील तोडलंत तर मात्र माझ्याकडे येऊ नका." भावाने इंजिनावरची सीट उचलून पक्कड हातात घेतली होती. "दादा, आतून खडखडतंय. तोडू या," म्हणाला. मी त्याला थांबवले. कसे थांबवले ते पुढे लिहितो.

४. आठशे सत्तर किलोमीटरवर, इस्पितळाच्या चढावर, इंजिन फुटले. या गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असते. भाऊ चालवत होता, मी मागे गाठोड्यांत होतो. आतला लोखंडी दांडा इंजिन फोडून सीटमधून वर आला आणि त्याच्या डाव्या मांडीत शिरला. तळाशी उरलेले घोटभर ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर सांडून पेटले. मी त्याला खेचून बाहेर काढले व धुतलेल्या चादरींत गुंडाळून विझवले. बावीस चादरी लागल्या. इस्पितळात माल वेळेवर पोचला, पण त्यात माझा भाऊ होता. त्याचा पाय मांडीतून कापला.

५. त्यानंतर मी त्या गाडीपाशी परत गेलो, तार तोडून पट्टी ओढून काढली आणि हातात धरून सर्व्हिस सेंटरपर्यंत चालत गेलो. पट्टी कोरडी ठणठणीत होती. एवढेच टायवाल्यांना दाखवायचे होते. हात दाखवून अवलक्षण. त्यांनी पट्टीकडे बघितलेच नाही, लोंबणाऱ्या तारेकडे बघितले आणि म्हणाले, "सील कोणी तोडलं? आता काही होणार नाही." पुढचे पंचनाम्यात आहे. मी त्यांचे काचेचे टेबल त्यांच्याच खुर्चीने फोडले, त्यांचे दोन दात पाडले व पट्टी त्यांच्या डाव्या दंडात खुपसली. गाड्या धुणाऱ्या दोघांनी लोखंडी पाइपने माझे मनगट व तीन बरगड्या मोडल्या. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्या सेंटरमध्ये माझे एखादे काम मन लावून झालेले मी प्रथमच पाहिले.

६. आता मूळ मुद्दा. आपल्या पंचनाम्यात लिहिले आहे : "डिपस्टिक, नग एक. दोन खुणांच्या मध्यापर्यंत काळसर द्रव." कंपनीने त्याची नक्कल मिळवली व मला कळवले की, ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये, म्हणजे योग्य होती. सबब इंजिनात दोष नसून बिघाड चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला. पंधरा दिवसांत विरुद्ध पुरावा न आल्यास प्रकरण बंद. त्यातले बारा दिवस गेले.

महोदय, जे इंजिनात नव्हते ते टायवाल्यांच्या दंडात निघाले, आणि तेही नेमके योग्य पातळीपर्यंत. यात आपल्या हवालदारांचा दोष नाही. त्यांनी दिसले ते लिहिले.

७. तरी मी पुरी कबुली देतो की, पट्टी मीच, शुद्धीत असताना, दोन बोटे खोल खुपसली आणि आत फिरवली. पट्टीवर आहे ते सगळे रक्त आहे. माझे वकील म्हणाले, "असं लिहून दिलंस तर वर्षं वाढतील, आणि मी केस सोडीन." त्यांनी सोडली आहे. पट्टी पुसू नये व तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावी, ही विनंती. रक्त जुळवण्यासाठी फिर्यादीचा एक दात सोबत जोडला आहे. तो माझ्या पँटच्या दुमडीत सापडला. दुसरा माझ्याकडे नाही.

८. हे सारे नव्या इंजिनासाठी आहे असा आपला समज होऊ नये. ते इंजिन खड्ड्यात गेले तरी चालेल. कंपनीचे पत्र भावाने वाचले. चालक म्हणजे तोच. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो आणि म्हणतो, "दादा, माझंच काहीतरी चुकलं असणार. कागदावर लिहिलंय ना."

आपल्या पंचनाम्यात या प्रकरणातला पहिला फटका नोंदलेला नाही. लाल दिवा पेटला त्या दिवशी भावाने पक्कड सीलला लावली होती. मी त्याच्या अशी मुस्काटात मारली की ओठ फाटला. पक्कड हिसकावून घेतली आणि वॉरंटीचा कागद त्याच्या तोंडासमोर धरून ओरडलो, "इथे काय लिहिलंय ते दिसतं का तुला?" तो रक्त पुसून स्टिअरिंगवर बसला. त्यानंतर तीन दिवस तो माझ्या भीतीने ती गाडी चालवत होता.

आता मी रोज सांगतो की तुझे बरोबर होते. तो ऐकत नाही. कागद खरा असतो, हे मीच त्याला मारून शिकवले आहे. म्हणून मला शिक्क्याचा कागद हवा. तो मी वाचून दाखवण्यात अर्थ नाही. आपल्या एखाद्या गणवेशातल्या माणसाने वॉर्डात जाऊन, खाट क्रमांक नऊपाशी उभे राहून, मोठ्याने वाचावा.

शिक्षेबाबत माझी काहीही विनंती नाही.

आपला नम्र व आपल्याच नोंदवहीतला,
(सही, डाव्या हाताची)
आरोपी क्र. १
दि. १९ मार्च

सोबत :
१. सीलचे तुकडे, दोन, गाडीवर राहिलेल्या तारेसह.
२. दात, एक, कागदाच्या पुडीत.
३. पक्कड, एक. ही भावाची आहे. दाखला वाचून झाल्यावर त्याच्या हातात द्यावी.