पांढरी पडलेली रोपं

१२ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आई आता थोडी सावरली का? माझे गुडघे कुरकुरतात, पण जिना चढते अजून. संस्थेतल्या काचघराला नव्या काचा बसल्यात म्हणे. शाळा सुटली की तू जिथे अभ्यासाला बसायचीस, तिथे आता मोठा पंखा लावलाय.

बाबा गेल्याचं वाचलं आणि चार दिवस हातात पेन धरवलं नाही. तू विचारलंस, "मावशी, त्या रोपांच्या ट्रेंचं खरं काय झालं? बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, मी हात लावला नाही."

ती रोपं वेगळी होती गं. पानातलं हिरवं रंगद्रव्य ऊन पकडतं आणि त्यावर झाडाचं अन्न तयार होतं, हे तू शिकलीच आहेस. पण ऊन जास्त झालं की त्या हिरव्याला सांभाळतं ते पिवळं-नारिंगी रंगद्रव्य, आणि या रोपांत नेमकं तेच नव्हतं. म्हणून संशोधन करणाऱ्या मॅडम त्यांना मंद उजेडात वाढवत होत्या. तीन वर्षांचं काम. मी तिथे नुसती मदतनीस, मला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मला दिसायची ती फिकट, केविलवाणी पानं.

त्या शनिवारी मॅडम परगावी होत्या. मला वाटलं, खाऊ देत बिचारी जरा ऊन. ट्रे खिडकीत ठेवले, कुलूप लावलं, चावी ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली आणि घरी गेले.

सोमवारी तुझे बाबा माळीकामाला माझ्याआधी पोचले. रोपं कागदासारखी पांढरी पडलेली. ट्रे उचलून तेच मॅडमकडे धावले, आणि खापर त्यांच्यावरच फुटलं. मॅडमनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "शनिवारी चावी कुणाकडे होती?"

मी म्हणाले, "माळ्याकडे."

माझी नोकरी त्या महिन्यात कायम व्हायची होती.

कामावरून काढल्यावर जाताना तुझे बाबा दारात थांबले. "ताई, तुमची लेकरं लहान आहेत. मी काही बोलणार नाही." मी मान वर केली नाही. पुढे सोळा वर्षं तिथेच काढली.

परवा हे सगळं संचालकांना आणि मॅडमना लिहून दिलं. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "तो माणूस तीनदा माझ्या घरी आला होता. मी दार उघडलं नाही."

त्या कबुलीची प्रत सोबत आहे. आईला वाचून दाखव. मला मावशी म्हणू नकोस, पण बाबांबद्दल कुणी अवाक्षर काढलं, तर माझी सही त्याच्यापुढे धर.

तुझ्या बाबांची गुन्हेगार