जाडी उतरली तर

किन्हीराजा,
१२ जानेवारी २०२५

चि. स्नेहास अ. आ. व सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुझी आई रडते, मग बोलणं राहून जातं, म्हणून लिहितो. आपला उत्कर्ष भरतीच्या सरावात धावता धावता गेला, त्याला पाच महिने झाले. त्याच्या हृदयाची भिंत जाड निघाली. धावणाऱ्यांची होतेच, असं सगळे म्हणाले. पण डॉक्टरांनी मलाही तपासलं. मी एसटी पकडायलासुद्धा कधी धावलो नाही, आणि माझीही भिंत जाड आहे. माझ्या रक्तात सदोष जीन सापडला. म्हणजे उत्कर्षला तो माझ्याकडून आला.

तुझी आई माझी सख्खी बहीण. तू पोलीस भरतीसाठी रोज धावतेस. आधी अकोल्याला जाऊन टू-डी इको करून घे.

मामी बरी आहे. चहात साखर टाकायला विसरते. मी सांगत नाही.

माया आहे, ती असू दे.
तुझा मामा, विनोद

मंगरूळपीर,
२ फेब्रुवारी

ती. मामाजींना सादर जयभीम.

इको झाला. माझीही भिंत थोडी जाड आहे. व्यायामानं झाली की रक्तातून आली, ते डॉक्टरांना आज सांगता येत नाही. तीन महिने धावणं बंद. व्यायामाची असेल तर उतरेल म्हणतात. तुमचा जीन माझ्यात आणि आईत आहे का, तेही पाहणार. मी म्हटलं, भरती याच महिन्यात आहे. ते म्हणाले, मग पुढची.

आईनं माझे बूट गव्हाच्या कोठीत टाकून कुलूप लावलं. शेजारच्या बेबीताई आल्या होत्या. म्हणे, पोरीले कायले भेव दाखवून राह्यले, धावल्यानं कोणी मरते काय? मग त्यांनाच आठवलं, आणि चहा न घेता गेल्या.

मामींना माझा जयभीम.
तुमची स्नेहा

मंगरूळपीर,
१४ मे

ती. मामाजींना सादर जयभीम.

जाडी उतरली. जीन माझ्यात नाही, आईतही नाही. डॉक्टर म्हणाले, धाव. आई म्हणते, डॉक्टरचं मले सांगू नको, विनोदभाऊनं लिहून धाडलं तरच कुलूप काढीन. तुम्ही नाही म्हटलं तरी मी रागावणार नाही. हे खोटं आहे.

उत्तराची वाट पाहते.
तुमची स्नेहा

किन्हीराजा,
२० मे

चि. रत्नमालास अ. आ. व सप्रेम जयभीम.

तुझ्या स्नेहाचं पत्र आलं तेव्हापासून मी नाही म्हणायचं कारण शोधतो आहे. सापडलं नाही. कारण नसताना नाही म्हणणं बरोबर नाही.

तिचे बूट दे. पहिल्या दिवशी आम्ही दोघं ग्राउंडवर येऊ. शेवटच्या फेरीत माझं तोंड दुसरीकडे असलं, तर तिनं थांबू नये. वेळ तिची मामी मोजेल.

लोभ आहेच, तसाच ठेव.
तुझा भाऊ, विनोद