आजोबा मेलेलं खात नाहीत

रुंदे नदीकाठ,
१४ ऑक्टोबर

आदरणीय आत्याबाई,

गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. तुम्ही सुखाने झोपला असाल तर आम्हीही झोपलो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

इकडे ऊन मरणाचं आहे. नदीच्या वाळूत खड्डा खणावा तेव्हा पाणी लागतं. तुम्ही दिलेली कोंबडी अंड्यांवर बसलीय आणि कुणाला जवळ फिरकू देत नाही. अगदी तुमच्यावर गेलीय.

फोन का केला नाही, म्हणाल. रेंज येते ती फक्त वारुळावर, आणि वारुळाशेजारी मामंजींची खुर्ची. ते तिथून हलत नाहीत. म्हणून बसच्या कंडक्टरच्या हाती हे पत्र देतेय. नवऱ्याची तक्रार सुनेने त्याच्या आत्याकडेच करायची असते. या वेळची तक्रार दारूची नाही.

आपल्या कुळाचा गरुड, आपला चापुंगू मेला, आत्याबाई.

तरसाने आमची शेळी मारली, अर्धी खाऊन टाकली. उरलेल्या धडात तुमच्या भाच्याने कापसावर फवारायचं औषध ओतलं. मी म्हटलं, "अहो, तरसाच्या आधी दुसऱ्या कुणी तोंड घातलं तर?"

"कोण घालणार?"

"चापुंगू."

माझ्याकडे असं बघितलं तारुविंगाने, की जणू मीच ते औषध. "आमचे आजोबा मेलेलं खात नाहीत. साप मारून खातात. माहेरी काही शिकवलं नाही वाटतं तुला?"

माझ्या माहेरी तो नुसता पक्षी आहे. मेलेल्या जनावरावर तो गिधाडांच्याही आधी उतरतो, हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण तुमच्या कुळात असं बोलणं म्हणजे थोबाड फोडून घेणं.

दुसऱ्या दिवशी तो शेळीशेजारी पडलेला होता, लाल पाय वर करून. मामंजींनाच आधी दिसला. त्यांनी टोपी काढली, मातीत बसले, ओंजळीने टाळ्या वाजवून त्याला नमस्कार केला आणि मग अंगातला कोट काढून त्याच्यावर घातला. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. तारुविंगा शेजारी उभा होता.

संध्याकाळी मामंजींनी गाव गोळा केलं आणि सांगितलं, "शेळी झिवानाईची. विष त्यानेच घातलं."

झिवानाई म्हणजे तोच, टेकडीपलीकडचा. बाहेरून आला, आपल्या कुळाचा नाही, बायको अंथरुणाला खिळलेली. बिचारा म्हणाला, "बाबा, माझ्या शेळ्या मोजून घ्या, एकही कमी नाही." तर गावात हशा पिकला. कुणी ओरडलं, "तुला मोजता कधीपासून यायला लागलं रे?" शनिवारी बैठक आहे. त्याला हाकलून देणार. पेरणीच्या तोंडावर जमीन गेली तर ती माणसं खातील काय?

तारुविंगा रोज म्हणतो, "उद्या सांगतो." रोज त्याचा उद्या येतो आणि जातो. जोडीतली मादी सकाळी अंगणावर घिरट्या घालते. मामंजी तिला टाळ्या वाजवतात आणि हा झोपडीत शिरतो. माझे दिवस भरत आलेत. आजोबा गेले की घरातलाच जीव मागतात, असं विहिरीवर बायका बोलतात. पक्षी तो पक्षीच, असं मनाला बजावते. मन ऐकत नाही.

हे सगळं खरं आहे, पण ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते अजून लिहिलंच नाही. इतकी पानं इकडचं तिकडचं लिहीत बसले.

काल मामंजींना हात धुवायला पाणी घेऊन गेले. ते घरामागे शेकोटीत काहीतरी जाळत होते. मी गुडघ्यांवर बसले तेव्हा दिसलं. शेळीचा कान होता. त्यावर दोन खाचा आणि छाटलेलं टोक. आपल्या घरची खूण, आत्याबाई. लहानपणी तुम्ही स्वतः कापायचात ती.

त्यांनी काठीने तो कान निखाऱ्यात ढकलला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, त्या शेळीला कान नव्हते. तरसाने खाल्ले होते."

"हो, मामंजी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग त्यांनी हात धुतले आणि पोटभर मक्याचा साड्झा खाल्ला.

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. रडले तेही खरं होतं, आणि झिवानाईचं नाव घेतलं तेही समजून उमजून. आजवर मी देवाला, आजोबांना, तरसांना भ्यायले. या घरातल्या सगळ्यात सरळ माणसाला भ्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. काल त्यांनी पाण्याचं भांडं परत दिलं तेव्हा माझ्या हातून पाणी सांडलं. त्यांनी ते बघितलं.

त्यांना उलट बोलायचा हक्क जगात एकट्या तुम्हाला आहे. शुक्रवारची बस पकडा. पोरीचं बाळंतपण आलंय म्हणून सांगा, काहीही सांगा, पण या.

नाही आलात तर शनिवारी मी बोलणार आहे. सून बैठकीत बोलत नाही, ठाऊक आहे. सासऱ्यासमोर उभी राहत नाही, तेही ठाऊक आहे. मी उभी राहून बोलणार आहे. त्यानंतर तुमचा भाऊ मला या अंगणात ठेवेल असं वाटत नाही, आणि तुमचा भाचा त्याला अडवेल असंही वाटत नाही.

फार भीती वाटते, आत्याबाई.

शनिवारपर्यंत तरी तुमचीच सून,
शुवाई